धानाच्या राखणदाराला तणसाचे घर

दिवाळी सरली की लाखांदूर तालुक्यात धानकापणीची एकच घाई उडते. बांधीत कडपा वाळतात, भारे बांधले जातात, पुंजणे उभे राहतात. मळणी आटोपून धान घरी येईपर्यंत चुलबंद आणि वैनगंगेच्या काठची थंडी अंगाला झोंबू लागते. पहाटे नदीकडून धुके येते, तणसावर दव पडते आणि चौकाचौकांत शेकोट्या पेटतात. माणूस शेकोटीजवळ बसतो, गुराला कोठा असतो, कोंबड्यांना खुराडे असते. मात्र रात्रभर धानाच्या पोत्यांभोवती फिरणाऱ्या मांजराला थंडीत कुठे जागा आहे, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

याचे कारणही आहे. आपल्याकडे मांजर हे कुणाचेच नसते आणि सगळ्यांचे असते. ‘तुमचं मांजर आहे का हो बाई?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘पाळलं नाही जी, राहते आपलं.’ ते चार घरी भाकरीचा तुकडा खाते, पाचव्या घरी झोपते आणि सहाव्या घराच्या माळ्यावर वितते. रेशनकार्डावर त्याचे नाव नाही, म्हणून त्याच्या निवाऱ्याची जबाबदारीही कुणावर नाही.

पूर्वी ती जबाबदारी घरच उचलत होते. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, मध्ये माळा आणि स्वयंपाकघरात चूल. रात्री चूल विझली की मांजर तिच्या उबदार राखेत अंगाचे वेटोळे करून झोपायचे. सकाळी चूल पेटवणाऱ्या बाईला आधी राखेतले मांजर हुसकावे लागे, आणि दिवसभर ते राखाडी अंगाने घरभर हिंडे. कोठ्यात बैलांच्या अंगाची ऊब असे. सांदवाडीत तणसाचा ढीग असे, त्यात भोक पाडून बोका आत शिरला की पहाटेपर्यंत दिसत नसे.

आता घरकुल आले. रमाई आवास योजनेतून आपल्या अनेक कुटुंबांना पक्के घर मिळाले. चुलीच्या जागी गॅस आला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यातल्या गरीब घरांतही पोचवला. वर स्लॅब पडला, खिडकीला जाळी लागली. बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला आणि कोठा रिकामा झाला. हार्वेस्टरने कापणी केली तर तणस शेतातच विखरून पडते, घरी ढीग येतच नाही. मांजराच्या झोपायच्या जागा अशा एकेक करून गेल्या, आणि कुणी त्या मुद्दाम काढून घेतल्या नाहीत.

हे वाचून कुणी ‘जुने तेच सोने’ असा सूर लावू नये. गळक्या कवेलूखाली आमच्या आयांनी पावसाळे काढले, चुलीच्या धुराने त्यांचे डोळे गेले. ते घर परत यावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. पक्के घर आपल्याला मिळाले हे चांगलेच झाले. पण जुन्या घरात मांजराला जे आपोआप मिळत होते, ते नव्या घरात कुणीतरी समजून उमजून द्यावे लागणार आहे. आणि ते देण्यास खर्च जवळजवळ काहीच नाही, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

मांजराला थंडी वाजत नाही, त्याच्या अंगावर केस असतात, असे अनेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. मांजर मुळात उबदार, कोरड्या मुलखातले जनावर. जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अनुवंशशास्त्रीय अभ्यासाने दाखवून दिले. त्याआधी २००४ साली सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन उजेडात आले होते. त्यात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेले होते. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यावर उंदीर आले, आणि उंदरांमागे मांजर आले, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आपल्या ढोलीचे आणि मांजराचे नाते आजचे नव्हे.

त्याच्या अंगाचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवा तीस अंशांच्या वर असेल तेव्हाच त्याला ते तापमान विनासायास राखता येते. त्याखाली अंग गरम ठेवण्यास त्याला अन्न जाळावे लागते. विदर्भातला उन्हाळा सर्वांना माहीत आहे, पण आपला हिवाळाही तितकाच कडक असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा रात्री धडधाकट बोका कसाबसा निभावून नेतो. हाल होतात ते पिल्लांचे. जन्मल्यापासून तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, ते सर्वस्वी आईच्या उबेवर असते. आई उंदरामागे गेली आणि पिल्ले उघड्या फरशीवर असली, तर दोन-तीन तासांत ती गारठतात. थंड पडलेल्या पिल्लाला दूधही पचत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाक गळणारी, डोळे चिपडांनी चिकटलेली पिल्ले आपण पाहतो. ‘झपाटली’, ‘नजर लागली’ असे म्हणून ती सोडून दिली जातात. त्यांना झालेली असते ती साधी सर्दी, आणि उबेअभावी ती जिवावर बेतते.

याच संदर्भात एका जुन्या समजुतीबद्दल बोललेच पाहिजे. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे आजही वडीलधारी माणसे सांगतात. मांजर आडवे गेले की माणूस थांबतो, रात्री रडले की घरात अपशकुन म्हणून दगड भिरकावला जातो. मांजर मारण्याचा दंड सोन्यात, तोही दान घेणाऱ्याच्या घरी! पण तेच मांजर दारात थंडीने मेले तर त्याचा हिशेब कुणी मागत नाही. भीतीपोटी पाळलेली दया ही अशीच असते. रात्री रडणारे मांजर बहुधा जोडीदाराला हाक मारत असते, नाहीतर दुसऱ्या बोक्याशी भांडत असते.

आता कुणी म्हणेल, माणसालाच धड पांघरूण नाही तिथे मांजराची कसली चिंता? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण हे कुणाच्या तोंडचा घास काढून मांजराला देण्याचे काम नव्हे. वर्षभराचे धान पोत्यांत भरून छपरीत रचलेले असते. उंदीर पोते कुरतडतो; खातो त्याहून अधिक लेंड्यांनी आणि मुताने नासवतो. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो, आणि चिखलात अनवाणी रोवणी करणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना त्याचा धोका असतो. उंदरांमागे साप घरात येतो. मांजर असले की हे सगळे संकट टळते असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या घुशीला तर साधे मांजर वचकूनच असते. पण मांजराचा वावर असलेल्या घरात लहान उंदीर बिनधास्त फिरत नाही, हा प्रत्येक शेतकरी घराचा अनुभव आहे.

रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरी हर्मिटाज नावाचे जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. तो पूर्वी राजवाडा होता. तिथे उंदरांचा उपद्रव वाढला म्हणून १७४५ साली सम्राज्ञी एलिझाबेथने कझान शहराहून चांगली शिकारी मांजरे पाठवण्याचा हुकूम काढला. दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात शहराची उपासमार झाली, तेव्हा मांजरेही संपली. युद्धानंतर ती पुन्हा आणली गेली. आजही त्या संग्रहालयाच्या तळघरात, इमारत गरम ठेवणाऱ्या नळांच्या आसऱ्याने, डझनावारी मांजरे राहतात. बाहेर बर्फ पडते आणि ती आत उबेत झोपतात. जगातल्या मोलाच्या चित्रांची राखण करणाऱ्यांनी मांजराची किंमत ओळखली. आपल्या धानाचे मोल आपल्याला त्या चित्रांहून कमी आहे काय?

तर आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या कामातली सर्वांत महत्त्वाची वस्तू आपल्या सांदवाडीतच आहे, ती म्हणजे तणस. इतर भागांत ज्याला भाताचा पेंढा म्हणतात, तेच. अमेरिका-युरोपात रस्त्यावरच्या मांजरांसाठी निवारे करणारी मंडळी पेंढा विकत आणतात, आणि आपल्याकडे तो काही ठिकाणी शेतातच जाळला जातो. तणसाची काडी आतून पोकळ असते, त्या पोकळीत हवा अडकते आणि ती ऊब धरून ठेवते. तणस पाणी सहजासहजी शोषत नाही. शिवाय मांजराला त्यात शिरून स्वतःभोवती घरटे करता येते. जुने लुगडे, गोधडी किंवा गोणपाट टाकावे असे आपल्या मायाळू भगिनींना वाटते, पण निदान बाहेरच्या निवाऱ्यात ते टाळावे. कापड दव आणि अंगाचा दमटपणा पिऊन घेते, पहाटे ओलसर होते आणि मग अंगातली ऊबच ओढून घेते. उघड्यावर ओल्या चादरीत झोपण्यापेक्षा तणसात झोपलेले बरे, हे खळ्यावर जागलीला गेलेल्या कोणत्याही माणसाला विचारावे.

पेटी कशाची करावी? मासळी विकणारे बर्फासाठी थर्माकोलच्या पेट्या वापरतात, फुटक्या झाल्या की टाकून देतात. औषधाच्या दुकानातही तशा पेट्या येतात. ही पेटी सर्वांत उत्तम, कारण थर्माकोल थंडी आत येऊ देत नाही. मात्र मांजर नखांनी ती ओरबाडते, म्हणून ती फळांच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसवावी. थर्माकोल नसेल तर पुठ्ठ्याचे एक खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून मधल्या फटीत तणस ठासावे, आणि वरून खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्याने गुंडाळावे. रंगाची वीस लिटरची बादली आडवी करून, झाकणाला भोक पाडून, एका मांजरापुरते घर होते. घरात बुरडाकडून घेतलेली जुनी, फाटकी ढोली पडली असेल तर तिचा खालचा भाग आडवा करून बाहेरून शेणमातीने लिंपला, वर ताडपत्रीचा तुकडा टाकला, तर असे घर दुकानात विकत मिळणार नाही. उघड्या पत्र्याचा तेलाचा डबा मात्र वापरू नये. पत्रा रात्री बर्फासारखा होतो.

आकार मोठा ठेवण्याचा मोह टाळावा. माणसाला ऐसपैस घर आवडते, मांजराला थंडीत अंगाला बसणारे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूट-सव्वा फूट उंच एवढी जागा दोन-तीन मांजरांना पुरते. त्याहून मोठी पेटी त्यांच्या अंगाच्या उबेने तापत नाही. तोंड पाच-सहा इंचांचेच असावे, म्हणजे कुत्र्याचे डोके आत शिरत नाही. ते तळापासून दोन-तीन बोटे वर कापावे, एका कोपऱ्याकडे, मधोमध नको. मग आत तणस भरावे, चांगले दाबून, निम्म्याहून जास्त. मांजर आपली जागा आपण करून घेते.

पेटी जमिनीवर ठेवू नये. दोन विटांवर किंवा जुन्या पाटावर ठेवली की खालची ओल लागत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, म्हणून तोंड दक्षिणेला किंवा भिंतीकडे करावे. सकाळचे ऊन पेटीवर पडले तर फारच छान. छपरीचा कोपरा, रिकामा कोठा, जिन्याखालची जागा चालते. विहाराच्या किंवा शाळेच्या आवारात ठेवायची असेल तर तिथल्या मंडळींना विचारूनच ठेवावी. एकाच्या दयेची दुसऱ्याला कटकट होऊ नये. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: तणस आणि आग यांचे वैर नव्हे, फार जवळीक आहे. पेटी शेकोटीपासून, धानाच्या पुंजण्यापासून आणि गॅस सिलिंडरपासून दूर ठेवावी. ऊब मिळावी म्हणून आत दिवा, बल्ब किंवा निखाऱ्याची शेगडी कदापि ठेवू नये.

आणखी एक धोका आपल्या मुलखातला. तणसात विंचू बसतो, साप शिरतो. तणस बदलताना आधी काठीने पेटी हलवावी, मग उलटी करून झटकावी, हात थेट आत घालू नये. लहान मुलांना हे काम सांगूच नये.

आमच्या सांदवाडीत गेले दोन हिवाळे अशा दोन पेट्या आहेत. पहिले चार दिवस मांजरीने पेटीकडे ढुंकूनही पाहिले नाही, ती आपली स्कूटरच्या सीटवर बसून राहिली. पाचव्या दिवशी पेटीच्या तोंडाशी सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला, तो तिने आत नेऊन खाल्ला आणि तिथेच झोपली. दुसऱ्या पेटीत जानेवारीत तीन पिल्ले झाली. म्हाताऱ्या बाया म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरे दाखवते. या मांजरीने एकही घर दाखवले नाही. आमचे म्हणणे असे की ती घरे बदलते ती हौसेने नव्हे. कुठे कुत्रा येतो, कुठे गारठा लागतो, कुठे मुले पिल्ले हाताळतात, म्हणून बदलते.

जिथे अशी सोय नसते तिथे मांजर थंडीत गरम इंजिन शोधते. रात्री उशिरा उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या बॉनेटखाली जाऊन झोपते, आणि सकाळी गाडी सुरू झाली की पट्ट्यात सापडते. चावी फिरवण्याआधी बॉनेटवर हाताने दोन थापा माराव्यात. ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांनी पेटवण्याआधी राख हलवून पाहावी.

खाण्याबाबत थोडे. मांजराला दूध म्हणजे पंचपक्वान्न, हा समज घरोघरी आहे. मोठ्या मांजराला गाईम्हशीचे दूध बहुधा पचत नाही, हगवण लागते, आणि थंडीत हगवण लागलेले जनावर लवकर खंगते. त्यापेक्षा मासळीची डोकी उकळून भातात कालवून द्यावी, आणि रोज ताजे पाणी ठेवावे. उंदीर मारण्यासाठी झिंक फॉस्फाईडसारखे विष टाकण्याची सवय अनेकांना आहे. विष खाऊन झिंगलेला उंदीर मांजराला सहज सापडतो, आणि मांजरही मरते. मग पुढच्या हंगामात उंदरांना रान मोकळे.

इथपर्यंतचे काम सोपे होते. पुढचे थोडे कठीण आहे, आणि ते टाळून केवळ पेट्या ठेवणे आम्हांला अर्धवट वाटते. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. सुमारे नऊ आठवड्यांत विते. पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. ऊब आणि अन्न दिले की जास्त पिल्ले जगणार हे उघड आहे. ती सगळी कुठे जाणार? आज ती कुठे जातात हे सर्वांना ठाऊक आहे. पोत्यात घालून नदीपलीकडे, बाजाराच्या ओट्यावर, नाहीतर दूरच्या रस्त्यावर. हे काम बहुतेक वेळा घरातल्या लहान मुलाला सांगितले जाते. प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. संविधानाच्या ५१-अ कलमात, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. पण कायदा दाखवून पोते थांबणार नाही. ते थांबेल नसबंदीने.

इटलीने १९९१ साली कायदा करून रस्त्यावरच्या मांजरांना मारण्यास बंदी केली आणि त्यांची नसबंदी करून त्यांना त्यांच्याच जागी सोडण्याची पद्धत घालून दिली. मांजर पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, कानाचे टोक किंचित कापून खूण करायची, आणि जिथून आणले तिथेच सोडायचे. जागा रिकामी केली तर दुसरी मांजरे येतात. नसबंदी झालेले मांजर तिथेच राहिले तर ते आपली हद्द राखते आणि उंदीरही धरते. मोठ्या शहरांत यासाठी संस्था आणि खासगी दवाखाने असतात. लाखांदूरच्या माणसाने आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. तिथे सोय नसेल तर नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एका मांजरीसाठी एवढा प्रवास परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी किंवा एखाद्या महिला बचत गटाने मिळून, नागपूरला जाणाऱ्या गाडीत, एका खेपेला चार मांजरी नेल्या तर खर्च वाटला जातो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यास उंदीर घाबरले, त्यांचे ठीक आहे. आपण का घाबरावे?

त्याच खेपेत रेबीजची लस टोचून घ्यावी. कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो. मांजराने चावले किंवा ओरबाडून रक्त काढले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नये. गरोदर भगिनींनी मांजराची विष्ठा साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, कारण तिच्यातून पोटातल्या बाळाला अपाय करणारा संसर्ग होऊ शकतो. एवढी काळजी घेतली की घाबरण्याचे कारण नाही.

धानकापणीच्या वेळी बांधीत किंवा पाळीवर कधी कधी पिवळसर-करडी, लांब पायांची पिल्ले सापडतात. ती घरच्या मांजराची नसून रानमांजराची असू शकतात. ती उचलून पेटीत आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि त्यांची आई जवळपासच असते. तेवढा तुकडा त्या दिवशी न कापता सोडावा, रात्रीतून ती पिल्ले घेऊन जाते. नेली नाहीत तर वनविभागाला कळवावे.

फेब्रुवारी संपत आला, रात्री गोधडी पायाशी लोटली जाऊ लागली की पेटीतले तणस काढून उकिरड्यात टाकावे. मधल्या काळातही दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि पाऊस शिंतडून गेला तर लगेच, ते बदलावे. बुरशीचा वास आला की ते तणस कामाचे नाही. रिकामी पेटी दोन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि पुढच्या हंगामासाठी जपून ठेवावी. मांजर आत पिल्लांसह असेल तर पेटी हलवू नये, फक्त ती सावलीत राहील असे पाहावे, कारण एप्रिलात तीच पेटी भट्टीसारखी तापते.